वरच्या खाचरातलं पाणी, खालचा नळ

ठाण्यात सकाळी सकाळी हंडे भरतायत ना, हे स्टेमचं, म्हणजे शहाड-टेमघर पाणीपुरवठा योजनेचं पाणी. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं, टेमघरला शुद्ध केलेलं. आता त्याच नदीने उलटं वर चला, बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत. जुलै महिना, लावणी जोरात, आणि दोन्ही अंगांना भाताची खाचरं. वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात, तिथून ओहोळात, ओहोळ नदीत.

हा शॉट जरा नीट बघा. चिखलणी, म्हणजे लावणीआधी पाण्यात चिखल करणं, झालीय, बांध फोडून जास्तीचं पाणी सोडलंय आणि ते पाणी अगदी दुधाच्या चहासारखं दिसतंय. तो रंग म्हणजे शेतातली सगळ्यात बारीक, सगळ्यात कसदार माती, आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, तिच्याच कणांना चिकटून निघून जातं. युरियाचं वेगळं, तो पाण्यात लगेच विरघळतो. सकाळी फोकला, म्हणजे हाताने विखरून टाकला, दुपारी मोठी सर आली की बांधावरून पाणी गेलं आणि गोणीचे पैसे पण गेले, युरियातला थोडा नत्र, म्हणजे नायट्रोजन, हवेत उडतो, म्हणजे पिकाच्या तोंडी निम्मासुद्धा लागत नाही.

याच नदीवर, कल्याणच्या मोहन्याजवळची ही जलपर्णी. ती नत्र-स्फुरदावरच पोसते, कुजली की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. यात शहरांच्या सांडपाण्याचा वाटा मोठा आहे हे खरंच, पण शेतातून येतं ते शेतातच अडवता येतं.

कसं, ते या आजींच्या हातांकडे बघा. दोरी धरून लावणी, चार चुडांचा, म्हणजे रोपांच्या जुड्यांचा, एक चौकोन, त्याच्या मधोमध युरिया आणि डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात. मग एक चौकोन सोडून पुढची. चारसूत्री भातशेतीतलं हे एक सूत्र, बाकी भाताच्या तुसाची राख, गिरीपुष्पाच्या झाडाचा पाला आणि ही नेमक्या अंतरावरची लावणी. गोळी चिखलात हळूहळू विरघळते, मुळं तिथेच असतात, वरच्या पाण्यात खत फारसं येतच नाही. कंबर मोडते हो, फोकणं दहा मिनिटांचं काम, हे दिवसभराचं. पण खत कमी लागतं आणि भात जास्त येतो, म्हणून आजी करतायत.

गोळ्या संपल्या. आजींनी पायानेच चिखल ओढून बांधाची वाट बुजवली आणि सुनेला बजावलं, आठवडाभर बांध फोडायचा नाही, पाऊस फारच झाला तर वरचं पाणी त्या गवतावरून जाऊ दे. ते बघा, कोपऱ्यात तेवढं गवत त्यांनी त्यासाठीच राखलंय.