कोलोबेंगची पाच वर्षं

(दृश्य: काटेरी झुडपं, कोरडं नदीपात्र, दगडी पायाचे अवशेष.)

बोत्स्वानाची राजधानी गॅबोरोन. तिथून पश्चिमेला मोटारीनं निघालं की तासाभराच्या आत हे कोलोबेंग येतं. बघायला फार काही नाही. एका घराचा पाया, दोन-चार कबरी आणि ही नदी. डेव्हिड लिव्हिंग्स्टन म्हटलं की व्हिक्टोरिया धबधबा आठवतो, पण धबधब्याकडे आपण आज जाणार नाही. त्याच्या आधीचा, तिशीतला, अजून नाव न झालेला मिशनरी लिव्हिंग्स्टन इथे राहत होता. स्वतःच्या हातानं बांधलेलं त्याचं हे शेवटचं घर.

माणूस मूळचा स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरचा, जन्म 1813चा. दहाव्या वर्षी सूतगिरणीत लागला. सकाळी सहा ते रात्री आठ, काम काय तर तुटलेले धागे सांधायचे. पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्यानं लॅटिन व्याकरणाचं पुस्तक घेतलं. यंत्रावर पुस्तक उभं करून ठेवायचं आणि येता-जाता एकेक वाक्य डोक्यात घालायचं. पुढे ग्लासगोत डॉक्टर झाला. जायचं होतं चीनला. पण तिकडे अफूचं युद्ध पेटलं. (त्या अफूतली बरीचशी आपल्या मुंबई बंदरातूनच चीनला जात होती, हे जाता जाता.) मग आफ्रिकेत मुरलेले रॉबर्ट मॉफट भेटले. उत्तरेकडे हजार गावांचा धूर दिसतो आणि तिथे अजून कोणी मिशनरी पोचलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. झालं, ठरलं.

31 जुलै 1841. बैलांच्या लांबलचक जोड्या जुंपलेल्या छपराच्या गाडीतून अठ्ठावीस वर्षांचा लिव्हिंग्स्टन मॉफटच्या कुरुमान इथल्या मिशनच्या ठाण्यावर उतरला. तिथे बारमाही झरा होता, बाग होती, छापखाना होता. नव्हती ती माणसं. आजूबाजूची वस्ती अगदी विरळ. त्याला करमेना. तो आणखी उत्तरेला गेला आणि सहा महिने एकाही गोऱ्या माणसाचं तोंड न बघता त्स्वाना लोकांत राहून त्यांची भाषा शिकला. माझ्या मते पुढचं सगळं या सहा महिन्यांवर उभं आहे.

(दृश्य: माबोत्साची टेकडी, उंच सुकलेलं गवत.)

1844च्या फेब्रुवारीत माबोत्सा या गावी सिंह गुरांवर पडत होते. गावकऱ्यांबरोबर लिव्हिंग्स्टनही निघाला. त्यानं बार टाकले, सिंहाला लागलेही. तो पुन्हा बंदूक ठासत होता तेवढ्यात सिंहानं झेप घेतली, खांदा धरला आणि मांजर उंदराला हलवतं तसं त्याला गदगदा हलवलं. नंतर त्यानं लिहिलं की त्या वेळी ना वेदना होती ना भीती, नुसती गुंगी. मेबालवे नावाचा मिशनचा वयस्कर शिक्षक दहा-पंधरा पावलांवर होता. त्यानं चाप ओढला. दोन्ही नळ्या फुसक्या निघाल्या. सिंह लिव्हिंग्स्टनला सोडून मेबालवेच्या मांडीला डसला, भाला घेऊन धावलेल्या तिसऱ्याच्या खांद्याला डसला आणि मग आधीच्या गोळ्यांनी जागीच कोसळला.

लिव्हिंग्स्टनच्या दंडावर अकरा दातांच्या खुणा राहिल्या. हाड पिचलं होतं. जवळपास दुसरा डॉक्टर कुठला? हाड नीट जुळलंच नाही, डावा हात पुढे कधी धड वर गेला नाही. तीस वर्षांनी, 1874 साली, आफ्रिकेतून एक सुकवलेला देह लंडनला आला. तो लिव्हिंग्स्टनचाच हे डॉक्टरांनी ओळखलं ते या न जुळलेल्या हाडावरून. आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी तो वारला तेव्हा तिथे दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडावर त्याचं नाव कोरलं ते जेकब वेनराइट या तरुणानं. गुलामांच्या व्यापारातून सुटलेला हा आफ्रिकन मुलगा शिकला होता आपल्या नाशिकला, शरणपूरच्या मिशन शाळेत. देहाबरोबर तो लंडनपर्यंत गेला. त्याच्यावर वेगळी फिल्म व्हायला हवी.

(दृश्य: पुन्हा कोलोबेंग. घराचा पाया जवळून.)

1847मध्ये लिव्हिंग्स्टन बक्वेना लोकांबरोबर इथे आला. बक्वेना म्हणजे मगरीची माणसं. मगर हे त्यांचं देवकच म्हणा, तिला ते मारत नाहीत. त्यांचा राजा सेचेले.

पहिल्याच भेटीत सेचेलेनं विचारलं होतं: मेल्यावर न्याय होतो हे तुझ्या वाडवडिलांना ठाऊक होतं ना? मग त्यांनी माझ्या वाडवडिलांना निरोप का धाडला नाही? ते सगळे अंधारातच गेले की. लिव्हिंग्स्टननं अंतर, वाटा, वाळवंट अशी कारणं सांगितली. ती सेचेलेला कितपत पटली असतील, देव जाणे.

हा राजा मोठा गमतीचा. मुळाक्षरं एका दिवसात शिकला. मग वाचनाचं असं वेड लागलं की शिकार सुटली आणि मूळचा सडपातळ गडी चांगला गरगरीत झाला. लोक ऐकत नाहीत म्हणून लिव्हिंग्स्टन खट्टू झाला, तर सेचेले म्हणाला, नुसतं बोलून काय होणार? गेंड्याच्या कातड्याचे चाबूक आहेत, मानकऱ्यांना बोलावतो, सगळ्यांना एकदम विश्वास ठेवायला लावू.

अडचण होती बायकांची. पाच बायका. एक ठेवून बाकीच्यांना सेचेलेनं नवे कपडे देऊन माहेरी पाठवलं आणि 1 ऑक्टोबर 1848ला बाप्तिस्मा घेतला. मेलेल्या माणसाचा मेंदू पाजतात अशी गावात अफवा होती. निघालं नुसतं पाणी. तरी म्हातारेकोतारे रडले. राजावर करणी झाली, असं त्यांना वाटत होतं. पाठवलेल्या बायकांचं काय झालं, त्यांच्या माहेरी काय म्हणाले, याचा विचार बाप्तिस्मा देणाऱ्यानं पुरेसा केला होता असं मला वाटत नाही.

घर चालवायची ती लिव्हिंग्स्टनची बायको मेरी, मॉफट यांची मुलगी. जन्मच आफ्रिकेतला, भाषा नवऱ्याइतकीच सफाईदार. राखेपासून साबण ती करायची, मेणबत्त्या ती ओतायची, पाव भाजायचा तो वारुळात कोरलेल्या भट्टीत, आणि दुपारी पोरांची शाळा.

आणि पाऊस नाही. पाटाचं पाणी पहिल्या वर्षी पुरलं, मग नदीच आटली. मासे मेले, ते खायला तरस जमले. उघड्यावर पडलेल्या सुया महिनोन्महिने गंजत नव्हत्या, हवा इतकी कोरडी. सेचेले स्वतः नावाजलेला पाऊस पाडणारा. बाप्तिस्म्यापायी त्यानं ते सोडलं होतं, म्हणून लोकांचा संशय सरळ लिव्हिंग्स्टनवर. सेचेलेच्या काकानं येऊन विनवलं: तू आम्हाला घरच्यासारखा आहेस, पण तेवढी प्रार्थना नि प्रवचन थांबव.

पाऊस पाडणाऱ्या वैदूशी लिव्हिंग्स्टनचा वाद झाला, तो त्यानं स्वतःच लिहून ठेवला आहे. हा म्हणतो, तुझ्या औषधानं पाऊस येत नाही, तो देव पाडतो. वैदू म्हणतो, रोगीही देवच बरा करतो ना? तुझा रोगी मेला तर तू औषध देणं बंद करतोस का? मग मी का करू? डॉक्टरमजकुरांना यावर नीटसं उत्तर सापडलेलं दिसत नाही. ते त्यांनी लपवलं नाही, हे त्यांच्याकडे जमा.

1849च्या सुरुवातीलाच कळलं की माहेरी पाठवलेल्या बायकांपैकी एक गरोदर आहे, आणि मूल सेचेलेचंच. सेचेलेनं कबूल केलं, माफी मागितली. लिव्हिंग्स्टननं त्याला प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या पाव-द्राक्षरसाच्या विधीतून, वगळलं. एवढ्या वर्षांत मिळालेला एकुलता एक मोठा शिष्य, आणि तो असा गेला. लगेच त्याच वर्षीच्या जूनमध्ये लिव्हिंग्स्टननं गाड्या जुंपल्या आणि कालाहारीचं वाळवंट ओलांडून ऑगस्टच्या 1 तारखेला न्गामी सरोवर गाठलं. तिथून त्याचे पाय मिशनच्या ठाण्यात ठरले नाहीत. पुढच्या सफरींत बायको-मुलंही असायची. 1850मध्ये एलिझाबेथ जन्मली आणि दीड महिन्यात गेली. पुढच्या वर्षी वाटाड्या चुकला, गाडीतल्या पोरांना चार दिवस पाणी नव्हतं. मेरीनं चकार शब्द काढला नाही, असं नवऱ्यानं कौतुकानं लिहिलंय. तिचं म्हणणं मात्र कुणी विचारून लिहून ठेवलेलं नाही. एप्रिल 1852मध्ये मेरी आणि मुलं केप टाउनहून इंग्लंडला रवाना झाली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोअर, म्हणजे आफ्रिकेत वसलेल्या डच वंशाच्या गोऱ्यांच्या, सैन्यानं सेचेलेवर हल्ला केला, बायका-मुलं पळवून नेली आणि कोलोबेंगचं हे घर लुटलं. औषधांच्या बाटल्या फोडल्या, पुस्तकं फाडून पानं उधळली. लिव्हिंग्स्टन वाचला तो गाडीचं चाक मोडून कुरुमानला अडकल्यामुळे. तो पुढे पश्चिम किनारा, पूर्व किनारा, धबधबा असा निघून गेला.

(दृश्य: संध्याकाळ. पायाच्या दगडांवर सावल्या.)

सेचेले मात्र इथेच होता. हल्ल्याची हकीकत त्यानं स्वतः त्स्वाना भाषेत पत्र लिहून मॉफटना कळवली. मग राणी व्हिक्टोरियाकडे दाद मागायला निघाला, केप टाउनपर्यंत पोचला, पैसे संपले, परत आला. आणि लोकांना स्वतःच वाचायला शिकवू लागला, प्रार्थना चालवू लागला. कोणी नेमलं नव्हतं, कोणी परवानगी दिली नव्हती. नंतर आलेल्या मिशनऱ्यांना हे खटकायचं, कारण रविवारी बायबल वाचणारा हा राजा पाऊस लांबला की आपलं जुनं औषधही काढायचा. 1892मध्ये तो वारला. तोवर त्याचं दोन्ही चालू होतं.