ओळखू येईल एवढाच रंग

(दृश्य : पिवळ्या दिव्याखाली एक हात, अगदी जवळून)

माणसाचा राक्षस होतो, त्या बदलाची सुरुवात अंगठ्यापासून होते. नख आधी जाड होते, मग पिवळे पडते आणि शेवटी चोचीसारखे खाली वाकते. पडद्यावर दिसणारे हे नख भोपळ्याच्या कवचाचे आहे. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांकडे भोपळा कापल्यावर जे तुकडे उरतात, ते सांगलीत नाटक बसवणाऱ्या काही तरुण मुला-मुलींनी मागून आणले, रात्रभर पाण्यात भिजत ठेवले, कानशीने घासून त्यांना बाक दिला आणि मग एकेक तुकडा बोटाच्या मापाने कापला. एका हाताची पाच नखे तयार व्हायला अख्खी दुपार जाते. हे भोपळे सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने मिरजेला येतात. मंगळवेढ्याचे नाव या निवेदनात पुन्हा येणार आहे.

ही मुले-मुली एक कथा रंगमंचावर आणत आहेत. कथा त्यांनीच लिहिली आहे आणि ती आजच्या काळातली आहे. जत तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यातील एका गावात संध्याकाळी फोनवर एक संदेश येतो : मुले पळवणारी टोळी आपल्या भागात फिरत आहे, सावध राहा, पुढे पाठवा. जो कोणी हा संदेश पुढे पाठवतो, त्याचे नख वाढू लागते. किराणा दुकानदाराचे वाढते, निवृत्त गुरुजींचे वाढते, अंगणवाडीताईंचे वाढते, दूध संकलन केंद्रावर मापे घेणाऱ्या तरुणाचेही वाढते. रात्र होईपर्यंत गावात माणसाचा हात उरत नाही. पण हा बदल कोणाच्या लक्षात येत नाही, कारण शेजाऱ्याचा हातही तसाच झालेला असतो. बदललेली नसते ती फक्त नऊ वर्षांची एक मुलगी. तिच्याकडे फोन नसतो, आणि वेशीवर थांबलेल्या परक्या माणसाने रस्ता विचारला तो तिलाच. "तो रस्ताच विचारत होता," हे तिचे कथेतले एकमेव वाक्य आहे आणि ती ते सात वेळा म्हणते.

(दृश्य : तालमीची जागा, भिंतीवर मोठी सावली, राळेचा भपका)

माणसाचा राक्षस करण्याची विद्या सांगलीला नवी नाही. १८४२ मध्ये उत्तर कानडातील भागवत मंडळींचे पौराणिक नाट्यखेळ सांगलीत झाले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव उर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसा खेळ उभा करण्यास सांगितले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ सादर झाले. तो दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. त्या खेळांत पदे सूत्रधाराने म्हणायची आणि पात्रांनी आपले बोलणे आयत्या वेळी रचायचे, अशी रीत होती. त्यामुळे राक्षसाच्या तोंडी लिहून दिलेले संवाद नसत. त्याच्याकडे होती ती आरोळी, हातातली तलवार आणि उड्या मारत केलेला थयथयाट. ‘अलल डुर्र’ अशी ती आरोळी इतकी गाजली की पुढच्या पिढ्यांनी त्या साऱ्या पौराणिक नाटकांनाच अललडुर्र नाटके म्हटले. नंतरच्या समीक्षकांनी हा शब्द हिणवण्यासाठी वापरला. ते हिणवणे आम्हाला मुळीच पटत नाही. एरवी चारचौघांत मान खाली घालून वावरणारा माणूस त्या आरोळीनिशी समोर येत होता आणि पुढे बसलेली मुले आईला बिलगत होती. हे सामर्थ्य लहान नव्हे.

राळ कशी उडते, ते आता पाहा. झाडाच्या डिंकासारखी ही वस्तू कुटून तिची बारीक पूड करतात. पेटत्या मशालीवर तिची चिमूट फेकली की क्षणभर डोळे दिपवणारा भपका होतो आणि त्या उजेडात समोरचा चेहरा लाल होऊन पुन्हा अंधारात जातो. विजेचे दिवे नव्हते त्या काळी राक्षसाचा प्रवेश या भपक्याने उजळत असे. मुलांनी तालमीत ती मुद्दाम उडवून पाहिली, त्यात एकाच्या भुवयांचे केस जळले, आणि प्रयोगात मात्र ती वापरायची नाही, असे ठरले. त्यांच्या कथेतील राक्षसांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो तो हातातल्या फोनचा. हनुवटीखालून वर जाणारा तो निळसर प्रकाश डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतो आणि दात पुढे आणतो. त्यासाठी वेगळी प्रकाशयोजना करावी लागली नाही.

(दृश्य : रंगभूषा, चेहरा अर्धा रंगलेला)

खरी अडचण रंगाची होती. जुन्या रीतीत राक्षस रंगवायचा म्हणजे काजळ, लाल हिंगूळ आणि पांढरा सफेदा यांनी माणूस पूर्ण झाकून टाकायचा. पहिल्या तालमीत मुलांनीही तसेच केले, आणि रंगमंचावर नऊ राक्षस उभे राहिले. गाव कुठेच दिसेना. रंगभूषा करणाऱ्या ताईंनी सगळ्यांना तोंडे धुऊन यायला सांगितले. "त्याच्या आईला तो ओळखू आला पाहिजे, एवढाच रंग लावायचा," असे त्या म्हणाल्या, आणि त्यानंतरचे सर्व काम याच वाक्यावर उभे राहिले. आता पिवळ्या पिवडीचा एक पातळ हात गालांवर फिरतो, काजळ फक्त डोळ्यांच्या कडांना लागते आणि जबड्याच्या रेषेला हिंगुळाचे एक बोट. गुरुजींचा चष्मा तसाच राहतो. अंगणवाडीताईंच्या पदराला लावलेली किल्ल्यांची जुडी तशीच राहते आणि चालताना ऐकू येते. दुकानदाराच्या कानामागची पेन्सिल काढावी, असे एकाने सुचवले होते. ती काढली नाही, हे फार चांगले झाले. राक्षस बाहेरून, डोंगरापलीकडून, रानातून येतो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. या कथेत बाहेरून आलेला एकच आहे आणि त्याने फक्त रस्ता विचारला आहे. म्हणून या चेहऱ्यांत गाव शाबूत दिसणे आवश्यक होते.

(दृश्य : जतकडे जाणारा रस्ता, बाभळी, एक पार)

कथेमागची घटना घडलेली आहे. १३ सप्टेंबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशातील चार साधू विजापूरहून पंढरपूरकडे निघाले असताना जत तालुक्यातील लवंगा गावात त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला, आणि मुले पळवणारी टोळी समजून त्यांना जमावाने मारहाण केली. ते वाचले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जमावाने जीव घेतला. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी ही माणसे होती आणि त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले होते.

(दृश्य : शेवटचा प्रवेश, आवाज बंद)

कथेच्या अखेरीस त्या परक्या माणसाचे काय होते, ते पुढची दोन मिनिटे पाहावे. येथे निवेदन नाही.

(दृश्य : नळ, खोबरेल तेलाची वाटी, मग पहाट)

रंग खोबरेल तेलाने उतरतो. काजळ लवकर निघते, हिंगूळ थोडा वेळ घेतो. भोपळ्याची नखे कोमट पाण्यात सैल होतात आणि पुढच्या प्रयोगासाठी बिस्किटांच्या डब्यात जातात. डब्याच्या झाकणावर खडूने प्रत्येकाचे पात्र लिहिलेले आहे. दूध संकलन केंद्रावरच्या तरुणाची भूमिका करणारा मुलगा प्रत्यक्षातही अशाच एका केंद्रावर काम करतो आणि त्याला पहाटे पाचला तेथे हजर राहावे लागते. कॅन येतात, तो दुधाचा नमुना घेतो, फॅटचा आकडा पाहून नोंदवहीत लिहितो आणि पुढच्याला हाक मारतो. त्याच्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला पिवडी अजून तशीच आहे.