केडगावचे मुक्तिसदन: दुष्काळातील श्रद्धा आणि सेवा

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक लागते. 1897 मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ आणि पुण्यात प्लेग अशी दोन संकटे एकाच वेळी कोसळली असताना, पंडिता रमाबाईंनी उपासमारीतून सोडवलेल्या मुलींना या स्थानकाजवळच्या माळावर आणले. तिथेच मुक्तिसदन आकाराला आले. पुण्यातील आपल्या संस्थेच्या खर्चाला उत्पन्नाचा हातभार लागावा म्हणून ही सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी थोड्याच वर्षांपूर्वी विकत घेतली होती आणि तिथे फळझाडे लावायला सुरुवात केली होती. एवढ्या माणसांना सामावून घेईल अशी पक्की वास्तू तिथे नव्हती. हा भार ज्यांनी अंगावर घेतला, त्या रमाबाईंना भूक ही ऐकीव गोष्ट नव्हती. आणि त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेने पुढे जे रूप घेतले, ते त्यांनी स्वतः सोसलेल्या भुकेपासून वेगळे काढता येत नाही, असे आम्हाला वाटते.

रमाबाईंचा जन्म 1858 मध्ये सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते आणि पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे घर मोडले, कुटुंब तीर्थाटनाला निघाले, आणि देवळांत व नदीकाठच्या घाटांवर पुराण सांगून मिळेल त्या दक्षिणेवर त्यांचे दिवस निघू लागले. रमाबाई आईपाशी संस्कृत शिकल्या त्या याच भटकंतीत.

1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या कुटुंबाने आधी दागिने विकले, मग चांदीची भांडी, मग तांब्यापितळेची. सारे संपल्यावर ते रानात गेले आणि अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर राहिले. दृष्टी गेलेल्या वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला होता. मुलाने, श्रीनिवासने, मिळेल ते हलके काम करून सर्वांना पोसण्याची तयारी दाखवली, तेव्हा तो बेत राहिला. परंतु लवकरच तापाने वडील गेले. काही आठवड्यांतच आई अंथरुणाला खिळली आणि भ्रमात अन्न मागू लागली. रमाबाई शेजारच्या एका घरी भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, पण मागण्यासाठी तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने न मागता दिलेला तुकडा घेऊन त्या परतल्या, तेव्हा आईला तो खाण्याचेही भान उरले नव्हते. आईचा देह उचलायला माणसे मिळाली नाहीत. दोघा ब्राह्मणांना दया आली, आणि त्यांच्यासोबत श्रीनिवास व रमाबाई यांनी खांदा दिला. रमाबाईंची उंची कमी असल्यामुळे त्यांना तो भार डोक्यावर घेऊन चालावे लागले. थोरली बहीण कृष्णाबाईही पुढे वारली.

या काळाविषयी रमाबाईंनी जे लिहून ठेवले आहे, त्यातले एक निरीक्षण आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. जातीचा आणि विद्येचा अभिमान आड आला म्हणून आपल्या कुटुंबाने पोट भरण्याजोगे कोणतेही हातकाम कधी शिकून घेतले नाही, असे त्या स्पष्टपणे म्हणतात. हजारो श्लोक मुखोद्गत असलेली माणसे उपाशी मेली, हे त्यांनी पाहिले होते. केडगावात पुढे प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकवण्याचा जो आग्रह त्यांनी धरला, त्याचे मूळ इथे आहे.

उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत उत्तरेकडे गेली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे करून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेतले आणि भिजवलेले दाणे मिठासोबत खाल्ले. 1878 मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली, तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, आणि त्यांची कीर्ती झाली. त्यानंतर भाऊ गेला. बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि सव्वा वर्षातच, 1882 च्या फेब्रुवारीत, पटकीने पतीही गेले. आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहत होत्या, त्यांनी रमाबाईंना लंडनच्या फुलहॅम भागातील आपले काम पाहायला पाठवले. ज्या स्त्रियांना समाज ‘पतित’ म्हणून दारात उभे करत नव्हता, अशा स्त्रियांना तिथे आसरा दिला जात होता, आणि सेवा करणाऱ्या भगिनींच्या वागण्यात तिरस्काराचा लवलेश नव्हता. ख्रिस्ती लोक अशा स्त्रियांची काळजी कशासाठी करतात, असे रमाबाईंनी एका भगिनीला विचारले, तेव्हा तिने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवली: विहिरीवर आलेल्या, लोकांच्या नजरेतून उतरलेल्या त्या स्त्रीपाशी येशू पाणी मागतो आणि तिच्याशी देवाविषयी बोलतो. आधी सेवा दिसली आणि तिचे कारण विचारताना ख्रिस्त भेटला, असा हा क्रम आहे, आणि तो ध्यानात ठेवल्याशिवाय रमाबाईंची श्रद्धा नीट समजत नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतरही त्या आयुष्यभर शाकाहारी राहिल्या आणि साडीच नेसत राहिल्या. कोणत्याही एका चर्चसंस्थेच्या आज्ञेत स्वतःची बुद्धी गहाण ठेवण्यास त्यांनी नकार दिला, आणि याबाबत वाँटेजच्या भगिनींशीही त्यांचे खटके उडाले.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी आणि मुलींसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षांसाठी पैशाची हमी दिली होती आणि धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील असे ठरले होते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे, काही मुली तिथे येऊन बसत, आणि 1893 मध्ये त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे आधारस्तंभ सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या होत्या त्यांना वाटलेली धास्ती खोटी म्हणता येणार नाही. आणि आपली श्रद्धा दाराआड लपवणे म्हणजे अप्रामाणिकपणा, ही रमाबाईंची भूमिकाही तितकीच खरी होती.

अशा स्थितीत 1896 चा पाऊस फसला. मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाईंना आपले दिवस आठवले. शिलकीत फार पैसा नव्हता. अमेरिकेहून येणारी रक्कम पन्नास मुलींच्या पोषणाला आणि शिक्षणाला जेमतेम पुरेल एवढी होती. तरीही त्यांनी तीनशे मुली वाचवण्याचा संकल्प जाहीर केला आणि स्वतः दुष्काळी भागात गेल्या. दुष्काळी कामांची ठिकाणे आणि सरकारी आश्रयस्थाने त्यांनी पाहिली, तेव्हा भुकेइतकाच दुसरा धोका त्यांच्या लक्षात आला: अनाथ आणि तरुण मुलींना फूस लावून पळवणारी माणसे अशा ठिकाणी घुटमळत होती. धर्मग्रंथाचा एकही शब्द बोलण्यापूर्वी या मुलींना तिथून हलवणे आवश्यक होते, आणि रमाबाईंनी ते केले.

पुण्यात प्लेगमुळे शहरात नवी माणसे ठेवण्यास बंदी होती. म्हणून तंबू आणि झोपड्या केडगावच्या माळावर उभ्या राहिल्या. इथे जी सेवा घडली तिचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे, कारण ‘सेवा’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. उपासमारीने खंगलेल्या शरीराला एकदम पोटभर अन्न झेपत नाही. आधी दूध, पेज, पातळ आहार थोडा थोडा द्यावा लागतो, आणि भुकेने वेडे झालेले मूल अधिक मागत असताना ते नाकारण्याइतका धीर देणाऱ्याकडे असावा लागतो. तोंड आलेली, अंगावर फोड उठलेली, हगवणीने क्षीण झालेली मुले दिवसातून अनेकदा स्वच्छ करावी लागतात. केसांतल्या उवा, चिघळलेल्या जखमा, घाण झालेल्या चिंध्या, रात्री अन्न चोरून लपवून ठेवण्याची सवय, आणि कोणावरही विश्वास न ठेवणारी नजर, हे सारे दुष्काळातून आलेल्या मुलांसोबत येते. रमाबाईंच्या मदतीला होत्या त्या शारदा सदनात शिकलेल्या स्त्रिया, त्यांत बऱ्याच बालविधवा. काही वर्षांपूर्वी ज्यांची सावलीही घरात अशुभ मानली जात होती, त्या आता कोण कुठल्या जातीच्या, कोण कुठल्या गावच्या मुलींना न्हाऊ घालत होत्या. ‘मला भूक लागली होती तेव्हा तुम्ही मला खायला दिले’ हे येशूचे वचन इथे उपासनेत वाचले जाई आणि दुसऱ्या घटकेला स्वयंपाकघरात पाळले जाई.

नम्रता म्हणजे मुकाटपणे सोसणे, असे मात्र रमाबाईंनी कधी मानले नाही. पुण्यातील प्लेगच्या छावण्यांत आणि रुग्णालयांत स्त्रियांची जी दैना होत होती, तिच्याविषयी 1897 मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात सरकारला जाब विचारला. गोष्ट ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचली आणि अधिकारी संतापले. पण सेवा करणाऱ्याने सत्तेची मर्जी सांभाळावी ही अपेक्षा त्यांना मान्य नव्हती.

1899-1900 मध्ये गुजरात, काठेवाड आणि राजपुताना होरपळले. लोक अजूनही ज्याला ‘छप्पनिया’ म्हणतात तो हाच दुष्काळ. या वेळी रमाबाईंनी आपल्या तालमीत तयार झालेल्या स्त्रियांना गुजरातकडे पाठवले. त्यांनी गावोगाव फिरून मुली शोधल्या, संशयाने पाहणाऱ्या लोकांची समजूत घातली आणि ज्यांना कोणीच उरले नव्हते त्यांना केडगावी आणले. 1900 च्या सुमारास मुक्तिसदनातील माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. मुक्तिसदनाच्या साऱ्या इतिहासात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट: तीन वर्षांपूर्वी ज्यांना उचलून आणावे लागले होते, त्यांच्यातल्या थोरल्या मुली आता नव्याने आलेल्यांच्या उशाशी बसत होत्या. उपकारकर्ता आणि उपकृत असा कायमचा भेद तिथे टिकू शकला नाही.

एवढ्या माणसांसाठी ठरावीक उत्पन्न नव्हते. प्रार्थना करायची, येईल ते स्वीकारायचे आणि कष्ट करायचे, अशी रमाबाईंची रीत होती. शेती, दुभती जनावरे, तेलाचे घाणे, हातमाग, शिवणकाम, कपडे धुणे आणि छापखाना ही सर्व कामे स्त्रिया चालवीत. फुलहॅममध्ये पाहिलेले काम रमाबाईंनी कृपासदनात प्रत्यक्ष उतरवले. फसवल्या गेलेल्या आणि टाकून दिलेल्या स्त्रिया तिथे राहत. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन निघाले, आणि तिथे त्या ब्रेल लिपी व विणकाम शिकू लागल्या.

दुष्काळात आधार दिलेल्या मुली ख्रिस्ती झाल्या, याबद्दल तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. भुकेल्या माणसाने स्वीकारलेला धर्म कितपत स्वेच्छेचा, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि ख्रिस्ती माणसानेही तो टाळू नये. मात्र ज्यांनी त्या मुलींना वाचवले नाही त्यांच्या तोंडी हा प्रश्न वेगळा ऐकू येतो, आणि ज्या स्त्रीने आईसाठी भाकरी मागताना वाचा गेल्याचा अनुभव घेतला होता, तिने भुकेचा सौदा केला असेल, यावर आमचा विश्वास बसत नाही.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत उतरवण्याचे काम हाती घेतले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी केडगावच्या शेतकरी, कातकरी, अडाणी बायकांना कळत नाही, हे त्या रोज पाहत होत्या. ज्यांनी एके काळी संस्कृतच्या बळावर कलकत्ता जिंकले होते, त्यांनी आता बोलीच्या जवळची मराठी पसंत केली. दीड दशकाहून अधिक काळ, संस्थेच्या कामातून वेळ काढत, ऐकू येणे कमी झालेले असताना, त्या लिहीत राहिल्या. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणे, छपाई आणि बांधणी ही कामे तिथल्याच स्त्रियांनी केली. ज्यांच्या हाती संस्था सोपवायची होती त्या मनोरमाबाई 24 जुलै 1921 रोजी वारल्या. त्यानंतर नऊ महिनेही झाले नाहीत तोच, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाईंनी देह ठेवला, तोवर भाषांतर पुरे झालेले होते. ते संपूर्ण बायबल 1924 मध्ये केडगावहून प्रसिद्ध झाले.