काखेतला कॅमेरा

एका जुन्या छायाचित्रात दिसणारी ही वाळू इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील यार्मथची असून साल १८९२ आहे. सुटीसाठी आलेली तरुण जोडपी अंगभर कपडे, बूट आणि टोप्यांसह वाळूत पहुडली आहेत. एकमेकांच्या मिठीत असलेल्या या जोडप्यांपैकी कोणालाही आपले छायाचित्र निघत असल्याची जाणीव नाही. ज्या व्हिक्टोरियन काळातील माणसे आपण फोटो स्टुडिओत ताठ उभी असलेलीच पाहिली आहेत, त्या काळातील ही मोकळीक आपल्याला दिसते ती पॉल मार्टिन या हौशी छायाचित्रकारामुळे.

मार्टिन यांचा जन्म १८६४ साली फ्रान्सच्या लॉरेन प्रांतात झाला. बालपणीच ते कुटुंबासह लंडनला आले आणि पुढे सचित्र साप्ताहिकांतील चित्रे छापण्यासाठी लाकडी ठसे कोरण्याच्या व्यवसायात शिरले. छायाचित्रण हा त्यांचा सुटीच्या दिवसांतील छंद होता. त्यांचा ‘फसील’ नावाचा कॅमेरा म्हणजे एक साधी लाकडी पेटी होती. तिच्यात, ज्यांवर छायाचित्र उमटते अशा लेप दिलेल्या बारा काचा एकदम भरता येत, त्यामुळे दर छायाचित्रानंतर काच बदलण्याचा खटाटोप करावा लागत नसे. ही पेटी कागदात गुंडाळून काखेत धरली, की पाहणाऱ्याला ते सामानाचे पुडके वाटे. तिपाई नाही, डोक्यावर काळे कापड नाही, ‘हलू नका’ अशी सूचना नाही. म्हणूनच क्रोमरच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय बुडवणारे सहलकरी, लंडनमधील लॅम्बेथच्या रस्त्यात दांडा फिरवून वाजवायच्या ऑर्गनच्या तालावर नाचणाऱ्या मुली आणि रस्त्यावरील फूलवाल्या बायका त्यांच्या काचांवर जशा होत्या तशाच उतरल्या.

छायाचित्र हे चित्रासारखे रचलेले असावे, असा आग्रह त्या काळच्या जाणकारांत प्रबळ होता. मार्टिन यांनीही काही छायाचित्रांतील पार्श्वभूमी पूर्ण झाकून टाकली आणि रस्त्यावरील विक्रेते चौथऱ्यावरील पुतळ्यांसारखे दाखवले. त्यामागची कारागिरी मान्य केली, तरी दुकानांच्या पाट्या, फरसबंदी आणि मागून डोकावणारी गर्दी त्यात पुसली गेली, याची हळहळ वाटते; कारण आज आपले डोळे नेमके तेच शोधतात.

१८९५-९६ च्या सुमारास त्यांनी गॅसच्या दिव्यांत न्हालेले लंडन टिपण्याचे ठरवले. संधिप्रकाशात इमारतींच्या आकृती काचेवर घ्यायच्या, मग भिंग झाकून दिवे लागण्याची वाट पाहायची आणि त्याच काचेवर पुन्हा प्रकाश पाडायचा, अशी त्यांची चिकाटीची पद्धत होती. भिजलेल्या रस्त्यांवरील दिव्यांची प्रतिबिंबे दाखवणाऱ्या या मालिकेला १८९६ साली रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे पदक मिळाले.

दरम्यान, छायाचित्रावरून थेट हाफटोन ब्लॉक (लहानमोठ्या ठिपक्यांतून छटा दाखवणारे छपाईचे ठसे) बनू लागल्याने साप्ताहिकांना ठसे कोरणाऱ्यांची गरज उरली नाही. ज्या तंत्राने मार्टिन यांचा व्यवसाय हिरावला, त्याच तंत्रावर उभा राहिलेला नवा व्यवसाय त्यांनी पत्करला आणि १८९९ मध्ये भागीदारीत ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले. परंतु आज त्यांचे नाव घेतले जाते, ते त्याआधी सुटीच्या दिवशी, कोणी पैसे दिले नसताना काढलेल्या छायाचित्रांसाठी.