दुपारी तीनला अडणारं कुलूप

नमस्कार मंडळी. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, म्हटला की नागपूरकराला कुलर, खिशातला कांदा आणि तोंडाला बांधलेला दुपट्टा आठवतो. आम्हा गॅरेजवाल्यांना आणखी एक गोष्ट आठवते, गाडीची न उघडणारी दारं.

मागच्या मे महिन्यात एक गृहस्थ जुनी गाडी घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, सकाळी मस्त चालते, दुपारीच काय होते याले?" मागचं डावं दार सेंट्रल लॉकला दाद देत नव्हतं. दुसरीकडे दोनदा लॉकची मोटर बदलून झाली होती. मी विचारलं, गाडी दाखवायला किती वाजता नेत होता? म्हणे, सकाळी नऊला, ऊन चढायच्या आत. घोळ इथेच होता. नऊ वाजता ते दार टकाटक चालायचं. चालणाऱ्या कुलपात दोष सापडणार कसा? मग अंदाजानं मोटर बदलायची.

मी म्हटलं, गाडी उन्हात राहू द्या, तुम्ही इथं सावलीत बसा, ताक घ्या. तीन वाजता बटण दाबलं. तीन दारांतून टक् आवाज आला, चौथ्यातून नुसती घर्र.

आवाज आला म्हणजे मोटरपर्यंत करंट पोचतोय. दाराचं आतलं पॅड काढलं, मोटरला कडीशी जोडणारी सळई सोडवली आणि कडी बोटानं हलवून पाहिली. हलेना! आतल्या ग्रीसमध्ये वर्षानुवर्षांची धूळ मुरून त्याचा चिकट गोळा झाला होता. अशा कडीला ओढताना मोटर जास्त करंट खाते आणि तापते. बऱ्याच मोटरींत एक संरक्षक पुर्जा असतो. तो तापला की करंट अडवतो, निवला की पुन्हा सोडतो. बाहेर 45 अंश, दाराचा पत्रा हात लावू देत नाही, म्हणजे तो पुर्जा आधीच अर्धा तापलेला. सकाळी जे ओढणं जमतं, ते दुपारी जमत नाही. नवी मोटर टाकली तरी कडी तीच, त्यामुळे आजार तोच. कडी धुतली, पांढरं लिथियम ग्रीस लावलं, संपलं.

नव्या गाड्यांत मात्र मोटर आणि कडी एकाच डब्यात येतात. तिथं बाहेरून साफसफाई करून पाहावी, नाही जमलं तर अख्खा डबा बदलावा लागतो.

घरी तपासायचं असेल तर आधी एवढंच पाहा: एकच दार अडतंय की चारही? चारही अडत असतील तर दारं खोलू नका. फ्यूज पाहा, रिमोटचा सेल बदला, बॅटरी तपासा. उन्हाळा बॅटरीला हिवाळ्यापेक्षा जास्त मारतो, आणि बॅटरी उतरली की लॉक मलूल होतात. एकच दार अडत असेल आणि आवाजच येत नसेल, तर दार आणि खांबाच्या मधला रबरी नळा बाजूला सारून वायरी पाहा. दार रोज उघडतं-मिटतं, वायर तिथंच वाकते. उन्हानं कडक झालेलं आवरण तडकतं आणि आतली तार तुटते. आवाज खणखणीत येतो पण दार हलत नाही, असं असेल तर सळईची प्लास्टिक क्लिप तुटलेली असू शकते. क्लिप किरकोळ किमतीची असते, पण ती न पाहता मोटर विकणारेही आहेत, काय सांगावं!

आणि मागचं दार फक्त आतून उघडत नसेल, तर गॅरेजला येण्याआधी दाराच्या कडेचा चाइल्ड लॉकचा खटका पाहा. त्याचे पैसे मी घेत नाही, हसतो मात्र.

लॉकमध्ये खोबरेल किंवा इंजिनचं जुनं तेल ओतू नका. चार दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलावर धूळ बसते. किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड घाला. बीडिंगचं, म्हणजे दाराच्या कडेभोवतीचं, रबर पत्र्याला चिकटत असेल तर त्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. दार हिसकू नका, रबर फाटतं. बटणाच्या रिमोटमध्येही बहुतेक वेळा एक लोखंडी किल्ली लपलेली असते. ती कुठून निघते आणि दाराला कुठे लागते, हे आज संध्याकाळीच पाहून ठेवा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐका. उन्हात लेकरू आत अडकलं आणि लॉक उघडेना, तर मेकॅनिकची वाट पाहू नका. 112 ला फोन लावा आणि लेकरापासून सगळ्यात लांबची बाजूची काच फोडा. समोरच्या काचेवर वेळ घालवू नका, ती थरांची असते, सहज फुटत नाही. बाजूच्या काचेच्या मधोमध नको, कोपऱ्यावर टोकदार वस्तूनं मारा. काच नंतर बसवता येते.