पॅटर्न कुणाचा, वेबसाईट कुणाची

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, चौदा वर्षं ऑफिस बघते. ऑफिस म्हणजे बिलं, डिस्पॅच, गेट पास, जीएसटी, आणि अलीकडं सहा वर्षं कंपनीची वेबसाईटसुद्धा. मला कोडिंग येत नाही, पण वेबसाईट कुणी बनवायची आणि कुणी सांभाळायची, घरच्या माणसानं की बाहेरच्यानं, यावर आज तुमच्याशी बोलायचंय. कारण शिरोली घ्या, गोकुळ शिरगाव घ्या, उद्यमनगर घ्या, कुठल्याही शेडमध्ये विचारा, "वेबसाईट? ती केलीय की मागंच, पैसे पण दिलेत", एवढंच उत्तर मिळतं, आणि नेमकं तिथंच पाणी मुरतंय.

आमची पहिली वेबसाईट एका ओळखीच्या पोरानं केली. पोरगं हुशार, राजारामपुरीत एक खोली घेऊन कामं करायचं. होम, अबाउट, प्रॉडक्ट्स, कॉन्टॅक्ट अशी चार पानं, झाली वेबसाईट. डोमेन, म्हणजे वेबसाईटचं नाव-पत्ता, त्यानंच घेतलं, होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची जागा, त्यानंच घेतलं, सगळं त्याच्या ईमेलवर आणि त्याच्याच कार्डावरून, आम्ही त्याला एक चेक दिला आणि विषय संपला असं धरून चाललो. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला, नंबर बदलला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पोरांनी पुढं जायलाच पाहिजे.

मग एका सोमवारी सकाळी कॉम्प्युटर लावला तर एकपण मेल नाही. सोमवार म्हणजे आमच्याकडं वीस-पंचवीस मेल पडलेले असतात, शेड्यूल, रिजेक्शन रिपोर्ट, पेमेंटचं काय काय. मला वाटलं नेट गेलं, नेटवाल्याला फोन केला, तो म्हणाला लाईन चालू आहे. दुपारी चाकणच्या कस्टमरच्या परचेसमधून फोन आला, "मॅडम, तुम्हाला पाठवलेले मेल परत येतायत, कंपनी चालू आहे ना?" मंडळी, भट्टी पेटलेली, मोल्डिंग लाईनवर माणसं घामाघूम झालेली, आणि समोरचा विचारतोय कंपनी चालू आहे ना. पोटात गोळा आला माझ्या.

डोमेनची मुदत संपली होती. रिन्यू करा, रिन्यू करा म्हणून जे मेल येतात ते सगळे त्या पोराच्या जुन्या ईमेलवर जाऊन पडले होते. आणि आमचे मेलआयडी त्याच डोमेनवर, त्यामुळं वेबसाईट गेली तसे मेल पण गेले. डोमेन आपण विकत घेतलं असं बोलतो आपण, पण ते विकत मिळतच नाही, ते भाड्यानं असतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं. डॉट कॉमवाल्याची मुदत संपली की साधारण काही आठवडे नेहमीच्या पैशात परत मिळू शकतं, त्यानंतर तीस दिवस असे असतात की सोडवून घ्यायला चांगलाच दंड बसतो, आणि ते पण गेले की मग जगातल्या कुणीही यावं आणि आपलं नाव उचलून न्यावं. वर्षाला हजार-दीड हजाराची गोष्ट आणि तिच्यावर आमच्या कोट्यवधीच्या ऑर्डरींचा पत्ता टांगलेला!

त्या पोराची मावशी कसबा बावड्यात राहते हे आमच्या स्टोअरच्या माणसाला माहीत होतं, तिच्याकडून नंबर मिळवला. पोरानं रात्री अकरा वाजता फोनवर बसून ओटीपी दिले, सगळं आमच्या खात्यावर करून दिलं, एक रुपया घेतला नाही. तेव्हा कुठं जिवात जीव आला. पण तोवर अकरा दिवस गेले होते, आणि त्या अकरा दिवसांत कुणाची इन्क्वायरी येऊन परत गेली ते आम्हाला कधीच कळणार नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

त्या आठवड्यात मी पॅटर्न स्टोअरला गेले होते. फाउंड्रीत काम केलेल्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगते, पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना, लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा. आमच्याकडं रॅकवर ओळीनं लावलेत, प्रत्येकावर पांढऱ्या ऑईल पेंटनं कस्टमरचा कोड आणि पार्ट नंबर. पॅटर्न असतो आमच्या छपराखाली, त्याला घासतो-पुसतो आम्ही, पण पैसे कस्टमरनं दिलेले असतात आणि मालकी त्याचीच. उद्या त्याचं आमच्याशी पटलं नाही तर तो टेम्पो लावतो, चलन करतो आणि पॅटर्न उचलून दुसऱ्या फाउंड्रीत नेतो, आणि आम्ही नाही म्हणू शकत नाही. तिथले आमचे मामा, तीस वर्षं पॅटर्न बघतायत, सगळं ऐकून म्हणाले, "ताई, दुसऱ्याचा पॅटर्न आपण एवढा जपतो, मग आपला पॅटर्न दुसऱ्याच्या नावावर कसा ठेवला ओ?"

त्यांनी बरोबर बोट ठेवलं. आपल्यासारख्या लहान कंपनीनं वेबसाईट बाहेरून करून घ्यावी, खुशाल घ्यावी, चार-सहा पानांसाठी पगारी डेव्हलपर ठेवला तर दुसऱ्या महिन्यापासून त्याला काम काय देणार? कास्टिंग आपण करतो आणि मशीनिंगला जॉबवर्कवर बाहेर देतोच की. पण डोमेन, होस्टिंग आणि मेलचं खातं कंपनीच्या नावावर, ओटीपी येणारा मोबाईल कंपनीचा, आणि बनवणाऱ्याला लागेल तेवढा लॉगिन. उद्या माणूस बदलायचा झाला तर टेम्पो आपल्याला लावता आला पाहिजे.

सगळं घरात आणलं म्हणजे सुटलो असंही नाही. १९९९ च्या ख्रिसमसला मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचं पासपोर्ट डॉट कॉम हे डोमेन रिन्यू करायचं राहून गेलं आणि हॉटमेल ही त्यांचीच मेलसेवा वापरणाऱ्यांना लॉगिन होईना, शेवटी बाहेरच्याच एका प्रोग्रामरनं आपल्या खिशातले पस्तीस डॉलर भरून ते चालू केलं. त्यांच्याकडं इंजिनियरांची फौज होती. फक्त ती तारीख बघायचं काम नेमकं कुणाचं, ते निसटलं.

कायद्याची एक गोष्ट पण यात आहे जी आमच्या वकिलांनी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हती. आपला कॉपीराईटचा कायदा १९५७ चा, त्यातलं कलम १७ असं म्हणतं की नोकरीत असलेल्या माणसानं नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क मालकाचा, वेगळं ठरलं नसेल तर. बाहेरच्या माणसानं लिहिलेला कोड मात्र साधारणपणे त्याचाच राहतो, आपण पैसे दिले असले तरी, जोपर्यंत हक्क लेखी करून घेत नाही तोपर्यंत. म्हणून वर्क ऑर्डरमध्ये दोन ओळी वाढवा, कोड आणि फोटोचे हक्क कंपनीला, आणि बॅकअपची कॉपी आमच्याकडं. चांगला माणूस त्याला कधी नाही म्हणत नाही.

आता रोजची देखभाल. शेजारच्या एका शेडची साईट वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर, बनवून चार वर्षं झाली तरी एकदापण अपडेट नाही, प्लगिन, म्हणजे साईटला जोडलेले जादा प्रोग्राम, जुनेच. एक दिवस गुगलवर त्यांच्या कंपनीचं नाव टाकलं तर खाली सगळी जपानी अक्षरं, कसल्या कसल्या वस्तूंच्या जाहिराती! कुणीतरी जुन्या प्लगिनच्या फटीतून आत शिरून हजारभर खोटी पानं तयार केली होती. हे अपडेटचं, बॅकअपचं काम बाहेरच्याला एएमसीवर, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारावर द्यावं, कॉम्प्रेसरला देतो तसं, आणि महिन्याला काय केलं ते त्याच्याकडून लिहून घ्यावं.

पण पानावर काय लिहायचं, कुठला फोटो लावायचा, ते काम बाहेर देऊच नका. आमच्या पहिल्या साईटवर भट्टीचा एक झकास फोटो होता, चंदेरी सूट घातलेला गोरा कामगार आणि मागं ठिणग्या. ऑडिटला आलेल्या एका साहेबांनी शांतपणे विचारलं, "हा फर्नेस शेडच्या कुठल्या बेमध्ये आहे?" मालकांची मान खाली गेली, मी तिथंच उभी होते. आता आमच्याच माणसांचे फोटो आहेत, मोबाईलवर काढलेले, आणि आयएसओचं सर्टिफिकेट नवं आलं की त्याच दिवशी मी चढवते. नवं व्हीएमसी मशीन आलं हे पुण्यातल्या एजन्सीला कसं कळणार?

ज्यांचा धंदाच ऑनलाईन आहे त्यांचं गणित मात्र वेगळं. चप्पल लाईनमधली माझी एक मैत्रीण कापशी, पुडा असले कोल्हापुरी चपलांचे प्रकार साईटवरून विकते. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे त्या भागाचा माल म्हणून कायदेशीर ओळख, मिळाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली तेव्हा देशभर नाव गाजलं. अशा वेळी कुठला साईज संपला, कुठला जोड कारागिराकडून यायचाय, हे तासातासाला साईटवर बदलावं लागतं, तिथं तिनं घरचंच माणूस ठेवलंय, तिची भाचीच बसते, आणि ते योग्य आहे.

आमच्याकडं पॅटर्न रजिस्टर म्हणून एक जाड वही आहे, कुठला पॅटर्न कुणाचा, कधी आला, कुठल्या रॅकवर. त्या सोमवारनंतर मालकांनी स्वतः पेन घेतलं आणि तिच्या पहिल्या पानावर कंपनीचं डोमेन लिहिलं, मालकाच्या रकान्यात कंपनीचं नाव, मुदतीची तारीख, आणि जबाबदार म्हणून माझं नाव. मामांनी रॅकच्या वरच्या पट्टीवर तीच तारीख पांढऱ्या ऑईल पेंटनं घातलीय, स्टोअरमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते ती.

येते मी. नमस्कार.