निकालपत्र वाचताना

श्रोतेहो, नमस्कार.

हल्ली वकिलाकडे येणारा पक्षकार पुष्कळदा मोबाइल पुढे करतो. त्यावर कुठल्याशा निकालपत्राचं एक पान असतं आणि एक ओळ पिवळी केलेली असते. "सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय, मग आपली केस पक्की ना?" त्या ओळीत खोटं काही नसतं. पण कोर्टापुढे घडलेल्या गोष्टी कोणत्या होत्या, प्रश्न कोणता होता आणि त्याचं उत्तर देण्यासाठी काय ठरवणं भाग होतं, हे पाहिल्याशिवाय त्या ओळीचं वजन कळत नाही. ही पद्धत कळायला काळा कोट लागत नाही. मुंबईचाच एक खटला घेऊन ती पाहू.

13 जुलै 1981. भर पावसाळा. तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या मूळ गावी किंवा शहराबाहेर धाडलं जाईल. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलेल्यांत तामिळनाडूतल्या सेलमहून 1961 साली कामाच्या शोधात आलेला एक भूमिहीन मजूर होता. केमिकल कंपनीत त्याला रोज 23 रुपये मिळत. झोपडी पाडून त्याला बसमध्ये बसवून सेलमला पाठवलं, आणि तो पोटासाठी पुन्हा मुंबईत आला. पत्रकार ओल्गा टेलिसही याचिकाकर्त्यांत होत्या, म्हणून खटला त्यांच्या नावानं ओळखला जातो. पाच न्यायाधीशांच्या पीठानं 10 जुलै 1985 रोजी निकाल दिला. तो लिहिला सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी.

राज्यघटनेचं कलम 21 सांगतं की कायद्यानं ठरवलेल्या कार्यपद्धतीखेरीज कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. त्यात उपजीविकेचा उल्लेख नाही. मग ती आणायची कुठून? कोर्टाचं म्हणणं असं : जगण्याची साधनं काढून घेतली की माणसाचं जगणंच काढून घेतल्यासारखं होतं, म्हणून उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात आहेच. याला आधार घेतला तो उपजीविकेच्या पुरेशा साधनांबद्दलचं कलम 39(क) आणि कामाच्या हक्काबद्दलचं कलम 41 या, राज्यानं धोरण आखताना पाळायच्या मार्गदर्शक तत्त्वांचा. ही तत्त्वं अमलात आणा, असा हुकूम कोर्टाकडून थेट मिळत नाही. पण घटनेतल्या एका शब्दाचा अर्थ लावायचा तर त्याच घटनेतल्या दुसऱ्या कलमांना विचारायचं, ही रीत कायद्यात मान्य आहे.

एवढ्यानं भागत नाही. फुटपाथवरची झोपडी गेली म्हणून रोजगार कसा जातो? इथे तत्त्व संपतं आणि वस्तुस्थिती सुरू होते. ही माणसं कामाच्या जवळ राहतात, कारण लांबून येण्याजाण्याचा वेळ आणि पैसा त्यांना परवडत नाही. हे प्रत्येकाच्या बाबतीत वेगळं सिद्ध करायची गरज नाही, उपलब्ध माहितीवरून तसं अनुमान काढता येतं, असं कोर्टानं म्हटलं. खटला वाचताना हा दुवा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. तो काढा, आणि आधीचं सगळं भाषणात शोभणारं वाक्य होऊन राहतं.

आता मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888. त्याचं कलम 314 म्हणतं की रस्त्यावरचं अतिक्रमण आयुक्त नोटीस न देता काढू शकतील. मनेका गांधी खटल्यात 1978 साली ठरलं होतं की कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. मग नोटिशीशिवाय घर पाडू देणारं कलम टिकणार कसं? ते रद्द करणं हा एक मार्ग होता. कोर्टानं दुसरा घेतला. कायदा "काढू शकतील" म्हणतो, "काढलंच पाहिजे" म्हणत नाही. म्हणजे नोटीस न देण्याची ती मुभा आहे, आज्ञा नव्हे, आणि मुभा विचारपूर्वक वापरायची असते. एरवी नोटीस द्यायची, बाजू ऐकायची. खरोखर तातडी असेल तेव्हाच सूट. कलमही वाचलं आणि माणसाचं म्हणणं ऐकून घेण्याचा नियमही टिकला. या जोडणीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पुढचं पाऊल मात्र मला पटत नाही. सुनावणी आवश्यक आहे असं ठरवल्यावर कोर्ट म्हणालं की ती याचिकाकर्त्यांना आता आमच्यापुढेच मिळाली आहे. आयुक्तांपुढे सुनावणी झाली असती तर हा फुटपाथ, ही झोपडी, इथली खरी अडचण, जवळची पर्यायी जागा असं बोलणं झालं असतं. दिल्लीत घटनेच्या अर्थावर झालेला युक्तिवाद त्याची जागा घेऊ शकत नाही. अखेर फुटपाथवरच्या लोकांना हटवायला परवानगी मिळाली. फक्त पावसाळा जाऊ द्या, 31 ऑक्टोबर 1985पर्यंत थांबा, एवढी सवलत मिळाली. त्यांतल्या ज्यांची 1976च्या गणनेत नोंद झाली होती त्यांना पर्यायी जागा द्यायची होती, पण ती दिल्याशिवाय हटवू नका, अशी अट घातली नाही.

म्हणजे हक्क मान्य झाला आणि घर गेलं. मग समोरचा वकील म्हणेल : याचिकाकर्ते हरले, सबब उपजीविकेबद्दल जे लिहिलं ते ओघात आलेलं, ते बंधनकारक नाही. याला काय उत्तर द्याल? ते विधान निकालातून उचलून बाजूला ठेवा आणि बाकीची रचना उभी राहते का ते पाहा. उपजीविका कलम 21मध्ये नसेल तर कलम 314ची कार्यपद्धती न्याय्य आहे का हा प्रश्नच उभा राहत नाही, आणि मग त्या "काढू शकतील"चा मर्यादित अर्थ लावायचं कारणही उरत नाही. ज्याच्यावाचून पुढचं पाऊल पडत नाही, तो निकालाचा गाभा. वकील त्याला रेशो म्हणतात. उलट, खेड्यात रोजगार नाही म्हणून माणसं शहरात येतात, हे निकालातलं वर्णन कितीही खरं असलं तरी त्यातून उद्याच्या खटल्यासाठी नियम निघत नाही.

हीच नजर अगदी अलीकडच्या निकालाकडे वळवा. 13 नोव्हेंबर 2024 रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी बांधकामं पाडण्याबाबत निर्देश दिले : आधी कारणे दाखवा नोटीस, उत्तरासाठी किमान 15 दिवस किंवा स्थानिक कायद्यातली मुदत, यांतलं जे नंतर संपेल ते, आणि मग प्रत्यक्ष सुनावणी. मोबाइलवर हीच ओळ पिवळी होऊन फिरते. पण त्याच निकालात लिहिलं आहे की रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय इथल्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. त्यामुळे फुटपाथवरच्या कुटुंबासाठी हा निकाल घेऊन उभं राहिलात तर समोरचा वकील अपवादाच्या परिच्छेदावर बोट ठेवेल. मुंबईत त्या कुटुंबाची बाजू मांडायला 1985चाच निकाल काढावा लागतो, आणि महापालिकेला विचारावं लागतं की नोटीस न देण्याइतकी कोणती तातडी या झोपडीबाबत होती, आणि ती आयुक्तांनी फाइलवर कुठे नोंदवली आहे.